नाशिकच्या मध्यवस्तीत टॉवरमधला फ्लॅट घेताना: भाव कसा तपासावा, मागणी कशी ओळखावी

गंगापूर रोड, कॉलेज रोड, त्र्यंबक रोड, मुंबई नाका या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत उंच इमारती भराभर उभ्या राहिल्या. बदली होऊन नाशकात आलेले, मुंबईची जागा विकून निवृत्तीनंतर इकडे येणारे, मुलांच्या शिक्षणासाठी निफाड-दिंडोरीकडून शहरात घर करणारे असे अनेक जण पहिल्यांदाच टॉवरमधला फ्लॅट बघायला जातात. पहिल्याच भेटीत सेल्स ऑफिसातून त्यांच्या हातात एक आकडा पडतो: ‘सध्या इथे सहा हजार चारशेचा रेट चालू आहे.’ त्या आकड्याचं पुढे काय करायचं, ते या लेखात पायरीपायरीने सांगतो आहे. लेखातल्या हिशोबाचे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत; टक्केवारी आणि नियम मात्र खरे आहेत.

माझं म्हणणं एवढंच की तोंडी रेटवर कोणताही निर्णय घेऊ नका. कोणत्या किमतीला व्यवहार झाले ते नोंदलेल्या दस्तांत लिहिलेलं असतं आणि किती फ्लॅट विकले गेले ते महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर दिसतं. दोन्ही गोष्टी घरी बसून बघता येतात. ब्रोकरला फोन करण्याआधी त्या बघा.

पायरी १: हे टॉवर कुठे आणि का उभे राहतात

महाराष्ट्र सरकारने ३ डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही मोजके भाग वगळून जवळजवळ सगळ्या राज्याला एकच बांधकाम नियमावली लागू केली. बांधकाम व्यवसायात तिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. प्लॉटवर मूळ एफएसआय असतो, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येईल त्याची मर्यादा. त्यावर सरकारला प्रीमियम भरून आणखी एफएसआय घेता येतो, वर टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जमिनीवरून विकत घेतलेला बांधकामाचा हक्क, चढवता येतो. मात्र एकूण किती चढवता येईल हे समोरचा रस्ता किती रुंद आहे यावर ठरतं. नाशिकचे टॉवर रुंद रस्त्यांच्या कडेने रांगेत दिसतात आणि जुन्या नाशकाच्या किंवा पंचवटीच्या गल्ल्यांत दिसत नाहीत, त्याचं मोठं कारण हे आहे.

याचा भावाशी थेट संबंध आहे. मध्यवस्तीत मोकळी जमीन उरलेली नाही. नवी इमारत येते ती जुना बंगला किंवा जुनी सोसायटी पाडून. जमीनमालकाचा हिस्सा, एफएसआयचा प्रीमियम, टीडीआरची खरेदी हे सगळं वीट लागण्याआधीच खर्चात बसलेलं असतं. पाथर्डी फाटा किंवा आडगावकडच्या इमारतीशी तुलना करून ‘इथेही तेवढाच रेट द्या’ असं म्हणण्यात अर्थ नसतो. तुलना करायची तर त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या इमारतीशी करावी.

आता गिऱ्हाइकाकडे बघू. या पट्ट्यातले तीन-चार बेडरूमचे मोठे फ्लॅट घेणारे लोक ठरावीक आहेत: डॉक्टर, व्यापारी, सीए-वकील, अंबड-सातपूरच्या कारखान्यांचे मालक आणि वरचे अधिकारी, द्राक्ष-कांद्याचा पैसा शहरात गुंतवणारी घरं, परदेशात मुलं असलेले आई-वडील. हा वर्ग पैशाने भक्कम आहे, पण संख्येने लहान. त्यात जुन्या नाशिककराचा ओढा अजूनही बंगल्याकडे किंवा रो-हाउसकडे असतो. म्हणून मोठ्या टॉवर-फ्लॅटची मागणी टिकून राहत असली तरी ती पातळ असते. पाच टॉवर एकाच वेळी पूर्ण झाले की विक्री लगेच रेंगाळते. दोन बेडरूमच्या फ्लॅटचं तसं नाही. त्याला नोकरदार, भाडेकरू, पुनर्विक्रीचं गिऱ्हाईक असे तिन्ही मिळतात. पाच-सात वर्षांत पुन्हा बदली होण्याची शक्यता असेल, तर मध्यवस्तीतला चार बेडरूमचा फ्लॅट घेण्याआधी याचा शांतपणे विचार करा.

सेल्स ऑफिसात येऊ घातलेल्या प्रकल्पांची यादीही ऐकायला मिळेल. तिच्यातलं जे उभं आहे आणि वापरात आहे, त्यालाच पैसे मोजा. समृद्धी महामार्गाचा शेवटचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला. त्या रस्त्याने आज गाडी नेता येते, तेव्हा त्याची किंमत आहे. टायरवर धावणाऱ्या मेट्रो निओसाठी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले होते. नुसत्या त्या घोषणेच्या जोरावर वाढवलेला भाव तुम्ही का द्यावा, हे सांगणाऱ्यालाच विचारा. २०२७ च्या सिंहस्थासाठी चाललेल्या रस्त्यांच्या कामांनाही हीच कसोटी लावा.

पायरी २: सांगितलेला रेट कार्पेटवर आणा

रेरा कायद्याप्रमाणे फ्लॅट कार्पेट क्षेत्रावरच विकायचा असतो. प्रत्यक्षात बोलताना ‘सेलेबल’ किंवा ‘सुपर बिल्टअप’चाच, म्हणजे सामायिक जागांचा वाटा धरून फुगवलेल्या क्षेत्राचा, आकडा सांगितला जातो, कारण त्यावर रेट कमी दिसतो.

कार्पेटची कायद्यातली व्याख्या नीट लक्षात ठेवा. घराच्या आतलं वापरण्याजोगं क्षेत्र आणि आतल्या भिंती त्यात येतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, तुमच्या एकट्याच्या वापराची बाल्कनी आणि मोकळी गच्ची त्यात येत नाही. सेल्सचा माणूस बाल्कनी धरून ‘यूजेबल कार्पेट’ सांगतो. तो आकडा खोटा असेलच असं नाही, पण तो कायद्यातला कार्पेट नव्हे. दोन्ही क्षेत्रं वेगवेगळी लिहून मागा.

समजा, १४व्या मजल्यावरचा फ्लॅट १,२५० चौरस फूट सेलेबल आहे आणि रेट ६,४०० रुपये सांगितला. किंमत झाली ८० लाख. कागद मागितल्यावर कळलं की कार्पेट ८५० चौरस फूट आहे आणि बाल्कनी ९०. कार्पेटवर तोच रेट ९,४१२ रुपये होतो. बाल्कनीसकट धरला तरी ८,५११. शेजारच्या टॉवरमध्ये सेलेबलवर ६,८०० सांगत असतील आणि त्यांचं लोडिंग कमी असेल, तर ‘महाग’ वाटणारी ती इमारत कार्पेटवर स्वस्त निघू शकते. लोडिंग म्हणजे जिना, लिफ्ट, लॉबी, क्लब हाउस यांचा तुमच्या क्षेत्रावर चढवलेला वाटा. इमारत जितकी उंच आणि सोयी जितक्या जास्त, तितकं लोडिंग साधारणपणे वाढतं.

पायरी ३: शेवटचा आकडा काढा

सेल्स ऑफिसातून कॉस्ट शीट मागा. छापील, तारीख घातलेली. वरचाच फ्लॅट पुढे घेऊन हिशोब असा मांडा.

मूळ किंमत ८० लाख. पाचव्या मजल्यानंतर प्रत्येक मजल्याला चौरस फुटामागे ३० रुपये फ्लोअर राइज, म्हणजे उंचीचा जादा दर, धरला, तर १४व्या मजल्यासाठी ९ मजल्यांचे २७० रुपये, म्हणजे ३,३७,५०० रुपये. पार्किंगचे ४ लाख. महावितरण, पाणी आणि इन्फ्रास्ट्रक्चर या नावाने २ लाख. करारातली किंमत इथे ८९,३७,५०० रुपये झाली.

त्यावर कर. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटला ५ टक्के जीएसटी, म्हणजे ४,४६,८७५ रुपये. नाशिक महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ६ टक्के, म्हणजे सुमारे ५,३६,२५० रुपये. नोंदणी फी १ टक्का असली तरी तिला ३०,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे, म्हणून ३०,०००. दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ, महिन्याला चौरस फुटामागे ४ रुपयांनी १,२०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे २१,६००.

बेरीज १,००,९२,२२५ रुपये. बोलण्यातला ‘ऐंशी लाखांचा फ्लॅट’ एक कोटीच्या पुढे गेला आणि कार्पेटच्या प्रत्येक चौरस फुटाला तुम्ही सुमारे ११,८७३ रुपये मोजलेत. दोन टॉवरची तुलना करायची ती याच आकड्यावर.

यातल्या तीन जागा नवख्यांच्या लक्षात येत नाहीत. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायला महापालिकेची परवानगी, मिळालेल्या तयार फ्लॅटला जीएसटी लागत नाही. तयार फ्लॅट ४-५ टक्के महाग सांगत असतील, तर तो प्रत्यक्षात बरोबरीला येतो आणि बांधकाम रखडण्याची जोखीमही राहत नाही. दुसरं, घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. आपल्या हिशोबात सुमारे ८९ हजार रुपये. पती-पत्नी दोघांच्या नावे घेतलं तर ती मिळत नाही. तिसरं, नाशिक ‘मेट्रो शहर’ धरलेलं नसल्यामुळे ४५ लाखांपर्यंतच्या आणि ९० चौरस मीटर कार्पेटपर्यंतच्या घराला जीएसटी १ टक्काच आहे. मध्यवस्तीतल्या टॉवरमध्ये या किमतीत क्वचितच काही सापडेल, पण लहान फ्लॅट बघत असाल तर जरूर विचारा.

कर्जाचं गणित इथेच करून टाका. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांच्या पुढच्या आणि ७५ लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, ७५ लाखांच्या पुढे ७५ टक्क्यांपर्यंत. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च या किमतीत धरत नाहीत. ८९,३७,५०० च्या करारावर जास्तीत जास्त ७१.५ लाख कर्ज मिळेल असं धरा. म्हणजे खिशातून २९ लाखांच्या पुढे लागतील. ८ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी हप्ता महिन्याला ६० हजारांच्या आसपास बसतो.

पायरी ४: दस्त उघडून बघा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ‘ई-सर्च’ नावाची सोय आहे. जिल्हा, तालुका, गाव, वर्ष आणि सर्व्हे किंवा मिळकत क्रमांक टाकला की त्या जमिनीवर नोंदलेले दस्त दिसतात. सर्व्हे क्रमांक महारेराच्या पानावर मिळतो. गावाचं नाव टाकताना जपा: गंगापूर रोडवरचा टॉवर दस्तात ‘मौजे आनंदवल्ली’त असू शकतो. ‘नाशिक’ टाकून काही सापडलं नाही, तर हे नाव बदलून बघा.

सापडलेल्या प्रत्येक दस्ताची ‘सूची क्र. २’ उघडते. बोलण्यात सगळे तिला इंडेक्स टू म्हणतात. एका पानाचा कागद, पण त्यात भाव उघडा पडतो. पहिल्या रकान्यात विलेखाचा प्रकार असतो. नव्या इमारतीत तो बहुधा ‘करारनामा’ असतो. दुसऱ्यात ‘मोबदला’, म्हणजे खरेदीदाराने कबूल केलेली किंमत. तिसऱ्यात ‘बाजारभाव’. नावावरून गैरसमज होतो, पण ते रेडी रेकनरप्रमाणे काढलेलं सरकारी मूल्य आहे. मुद्रांक शुल्क या दोहोंपैकी जास्त रकमेवर लागतं. पुढे मिळकतीच्या वर्णनात फ्लॅट नंबर, मजला, पार्किंग आणि कार्पेट क्षेत्र असतं, तेही चौरस मीटरमध्ये. १०.७६४ ने गुणलं की चौरस फूट मिळतात.

समजा, तुमच्याच टॉवरमधला एक दस्त सापडला. चौथा मजला, कार्पेट ७८.९७ चौरस मीटर, बाल्कनी ८.३६ चौरस मीटर, पार्किंग एक, मोबदला ७९,००,०००. क्षेत्र गुणून बघितलं तर ८५० आणि ९० चौरस फूट. म्हणजे तुम्हाला दाखवलेल्या फ्लॅटचाच नमुना, दहा मजले खाली. त्याच्या कराराचा भाव कार्पेटवर ९,२९४ पडला. तुम्हाला सांगितलेली कराराची किंमत ८९,३७,५०० आहे, कार्पेटवर १०,५१५. फरक १०,३७,५०० रुपयांचा. त्यातला ३,३७,५०० चा फ्लोअर राइज समजण्यासारखा आहे. उरलेले ७ लाख कशाचे? दस्त १४ महिन्यांपूर्वीचा असेल तर वर्षभरात भाव वाढवला असं सांगतील. मग गेल्या तीन महिन्यांतले दस्त शोधा. वाढलेल्या भावाने कोणी घेतलंय का, ते तिथेच दिसेल. घेतलं असेल तर भाव खरोखर चढला आहे. नसेल तर तो फक्त मागितला जातो आहे.

एका दस्तावरून मत बनवू नका. निदान आठ-दहा दस्त काढा; मजला, क्षेत्र, तारीख, मोबदला असे चार रकाने वहीत मांडा. एखादा दस्त विलक्षण स्वस्त दिसला तर तो जमीनमालकाच्या वाट्यातला किंवा नात्यातला व्यवहार असू शकतो. तो बाजूला ठेवा.

पुनर्विक्रीचे दस्तही त्याच यादीत सापडतात. टॉवर पूर्ण होऊन तीन-चार वर्षं झाली असतील आणि तिथले पुनर्विक्रीचे व्यवहार बिल्डरच्या मूळ भावाच्या आसपासच होत असतील, तर त्या भागातल्या मागणीबद्दल याहून स्पष्ट पुरावा नाही.

पायरी ५: महारेराच्या पानावर मागणी मोजा

जाहिरातीवर महारेरा नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड असावाच लागतो. तो स्कॅन केला की प्रकल्पाचं पान उघडतं. बहुतेक जण पूर्णत्वाची तारीख बघून पान मिटतात. तुम्ही इमारतीचा तपशील उघडा. कोणत्या प्रकारचे किती फ्लॅट मंजूर आहेत आणि त्यातले किती बुक झालेत, ते तिथे असतं. बिल्डरला दर तीन महिन्यांनी ही माहिती ताजी करावी लागते.

समजा, ११२ फ्लॅटपैकी ६४ बुक दिसतात आणि सहा महिन्यांपूर्वीच्या अहवालात ५२ होते. सहा महिन्यांत १२, महिन्याला दोन. उरलेले ४८ फ्लॅट याच गतीने संपायला २४ महिने लागतील. ‘शेवटचे चारच राहिलेत’ असं कोणी सांगत असेल, तर मोबाइलवर हे पान उघडून त्यांच्यासमोर धरा. प्रकारानुसारही बघा: दोन बेडरूमचे सगळे गेले आणि चार बेडरूमचे निम्मे पडून असतील, तर चार बेडरूमवर बोलणीला भरपूर वाव आहे.

याच पानावर चार्टर्ड अकाउंटंटचं प्रमाणपत्र असतं, फॉर्म ३. कंटाळवाणा कागद आहे, पण जरूर वाचा. प्रकल्प पूर्ण करायला अजून किती खर्च लागेल, विकलेल्या फ्लॅटचे किती पैसे यायचे आहेत आणि न विकलेल्या फ्लॅटचं रेडी रेकनरने किती मूल्य होतं, ते त्यात मांडलेलं असतं. येणे रक्कम आणि न विकलेल्याचं मूल्य मिळून उरलेल्या खर्चापेक्षा जास्त भरत असेल, तर इमारत पूर्ण व्हायला पैसा पुरेल. कमी भरत असेल तर तिथून उठा, रेट कितीही गोड असो. गिऱ्हाइकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात जमीन आणि बांधकामासाठीच ठेवायची असं कायदा सांगतो. तिच्यावर नजर ठेवण्याचा हा एक मार्ग आहे. तक्रारी, कोर्टकज्जे आणि जमिनीवरचा बोजा हेही तिथेच बघून घ्या.

एक गोष्ट महारेरावर दिसत नाही. बुक झालेल्यांपैकी राहायला येणारे किती आणि गुंतवणूकदार किती? ताबा दिल्यावर गुंतवणूकदारांचे फ्लॅट एकदम विक्रीला येतात आणि भाव दबतो. त्याच बिल्डरच्या दोन-तीन वर्षांपूर्वी ताबा दिलेल्या टॉवरसमोर रात्री साडेआठला उभे राहा आणि किती घरांत दिवे आहेत ते मोजा. वॉचमनला विचारा, भाडेकरू किती आणि रिकामे किती.

भाड्याशीही ताळा घालून बघा. एक कोटी एक लाख खर्चून घेतलेला फ्लॅट महिना २२ हजारांनी भाड्याने जाणार असेल, तर वर्षाला २ लाख ६४ हजार, म्हणजे परतावा सुमारे २.६ टक्के. राहण्यासाठी घेत असाल तर हा आकडा फार मनावर घेऊ नका. गुंतवणूक म्हणून घेत असाल, तर पुढची सगळी भिस्त भाववाढीवर राहते आणि ती होतेय की नाही हे तुम्ही दस्तांत पाहिलेलंच आहे.

पायरी ६: उंचीचा महिन्याचा खर्च

चार मजली इमारतीतून आलेल्यांना हे सांगावंच लागतं. टॉवरमध्ये दोन-तीन लिफ्ट, पाणी वर चढवणारे पंप, आगीच्या पाण्याची वेगळी टाकी आणि पंप, जनरेटर, सांडपाणी शुद्ध करणारा एसटीपी, चोवीस तास सुरक्षारक्षक हे सगळं कायम चालू ठेवावं लागतं. फ्लॅट रिकामे असले तरी लिफ्टचा देखभाल करार तेवढाच राहतो. म्हणून अर्ध्या रिकाम्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांवर बोजा पडतो.

बिल्डर देखभाल पाहत असतो तोवर महिन्याचा आकडा सुखद ठेवलेला असतो. म्हणून सोसायटीच्या हाती आलेल्या, तेवढ्याच उंचीच्या जुन्या टॉवरमध्ये जाऊन सचिवांना विचारा की आज काय दर आहे आणि सोपवल्यापासून किती वाढला. टँकर किती लागतात, तेही मार्च ते मे या महिन्यांचं विचारा. आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीने बांधकाम खर्चाच्या वर्षाला निदान ०.२५ टक्के सिंकिंग फंडात, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठीच्या राखीव निधीत, जमवायचे असतात. तो जमवला नसेल तर पंधरा वर्षांनी लिफ्ट बदलताना प्रत्येक घराला एकदम मोठी वर्गणी भरावी लागते.

इथे सोसायटी होणार की अपार्टमेंट, हा प्रश्न नक्की विचारा. सहकारी सोसायटीत सेवा शुल्क सगळ्या सदनिकांना सारखं वाटलं जातं. १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालच्या संघात खर्च तुमच्या अविभक्त हिश्श्याच्या प्रमाणात येतो, म्हणजे मोठ्या फ्लॅटला जास्त. तीन-चार बेडरूमचा फ्लॅट घेणाऱ्याला दर महिन्याला जाणवणारा हा फरक आहे. सोसायटीची मासिक वर्गणी सदस्यामागे ७,५०० रुपयांच्या वर आणि वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली, तर त्यावर १८ टक्के जीएसटीही येतो.

पायरी ७: जागेवर काय बघावं

नदीपासूनचं अंतर आधी. गोदावरीच्या काठाला निळी आणि लाल पूररेषा आखलेली आहे. २००८ आणि २०१९ चे पूर नाशिकने पाहिले आहेत. तुमचा फ्लॅट १४व्या मजल्यावर सुरक्षित असेल, पण गाडी तळघरात, जनरेटर आणि पंप बहुधा खालीच. गंगापूर रोडच्या नदीकडच्या बाजूला प्लॉट असेल, तर मंजूर नकाशावर पूररेषा कुठून जाते ते आर्किटेक्टकडून बोट ठेवून दाखवून घ्या.

पार्किंग. मोकळ्या आकाशाखालची जागा बिल्डरला विकता येत नाही. झाकलेलं पार्किंग विकता येतं, मात्र त्याचा नंबर, लांबी, रुंदी, उंची आणि ठिकाण करारात लिहिलेलं हवं. यांत्रिक पार्किंग असेल तर चालू असलेल्या ठिकाणी जाऊन तुमच्या मापाची गाडी त्यात बसते का ते बघा. उंच गाड्या पुष्कळदा वरच्या ट्रेवर जात नाहीत.

आग. वापरात असलेल्या टॉवरमध्ये फ्लॅट घेत असाल तर फॉर्म बी, म्हणजे आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, मागा. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे तो वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून घ्यायचा असतो. सचिवांनी शेवटचा फॉर्म लगेच काढून दाखवला तर इमारत जागी आहे. रेफ्युज एरियात, म्हणजे आग लागल्यावर थांबण्यासाठी राखलेल्या मोकळ्या जागेत, जाऊन या. तिथे सायकली, जुनं फर्निचर किंवा कुलूप दिसलं तर कमिटीशी बोला.

पायरी ८: बोलणी

नाशकात बुकिंगला गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, दिवाळीला जोर असतो. पितृपंधरवड्यात सेल्स ऑफिसं ओस असतात. ज्यांना मुहूर्ताची अडचण नाही, त्यांनी बोलणी त्या पंधरा दिवसांत करावी आणि करार हवं तर घटस्थापनेनंतर नोंदवावा. बिल्डरांच्या क्रेडाई या संघटनेच्या ‘शेल्टर’सारख्या प्रदर्शनात सगळ्यांच्या कॉस्ट शीट एका फेरीत गोळा होतात, तिथे माहिती घ्या, चेक देऊ नका.

बोलताना मूळ रेटवर अडून बसू नका. बिल्डर रेट सहजासहजी उतरवत नाही, कारण उतरलेला रेट पुढच्या दस्तात सगळ्यांना दिसतो. फ्लोअर राइज, पार्किंग, इन्फ्रास्ट्रक्चरचे पैसे, आगाऊ मेंटेनन्स या ठिकाणी तो मोकळा होतो. आपल्या हिशोबात या चार जागांचे मिळून १० लाखांच्या पुढे होतात. वहीतले दस्त समोर ठेवून, आवाज न चढवता विचारलं, तर त्यातला बराचसा भाग सुटू शकतो. काही रक्कम रोखीने देण्याचा विषय निघाला तर नकार द्या. करारात न दिसणारा पैसा पुढे फ्लॅट रद्द केला, ताबा लांबला किंवा घर विकलं, कशातही परत मिळत नाही.

पायरी ९: टोकनपासून इंडेक्स टूपर्यंत

नोंदणीकृत करार होईपर्यंत किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला कायद्याने बंदी आहे. टोकन दिल्यावर महारेराच्या नमुन्यातलं ॲलॉटमेंट लेटर मागा. त्या नमुन्याप्रमाणे १५ दिवसांत बुकिंग रद्द केलं तर काहीही कापता येत नाही. त्यानंतर कपात वाढत जाऊन दोन महिन्यांनंतर २ टक्क्यांपर्यंत जाते. हे पंधरा दिवस वकिलाकडून टायटल, म्हणजे जमिनीची मालकी, तपासण्यासाठी वापरा.

कराराचा मसुदा महारेराच्या आदर्श कराराशी ताडून बघा. बिल्डरने कुठे बदल केलाय ते त्याला वेगळं दाखवावं लागतं. ताब्याची तारीख, पाच वर्षांची बांधकाम दोषांची हमी, जमिनीचं अभिहस्तांतरण (जमीन खरेदीदारांच्या संस्थेच्या नावे करून देणं) आणि पार्किंग ही कलमं सावकाश वाचा. कार्पेट क्षेत्रात ३ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, पण क्षेत्र कमी भरलं तर त्या प्रमाणात पैसे परत मिळायला हवेत.

व्यवहार ५० लाखांचा किंवा त्याहून मोठा असेल, तर प्रत्येक हप्त्यातून १ टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या नावचा आयकर, कापून सरकारात भरण्याची जबाबदारी घेणाऱ्याची, म्हणजे तुमची असते. पुनर्विक्रीत विकणारा परदेशस्थ असेल तर कपातीचा दर बराच जास्त असतो. मध्यवस्तीतल्या टॉवरमध्ये असे मालक भेटतात, म्हणून पॅन आणि निवासी दर्जा आधीच विचारा.

दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी झाली की तुमच्या नावाचा इंडेक्स टू तयार होतो. तिथून निघण्याआधी तो वाचा: नावाचं स्पेलिंग, मजला, फ्लॅट नंबर, चौरस मीटरमधलं कार्पेट, पार्किंगचा नंबर. चूक निघाली तर चूकदुरुस्तीचा दस्त त्याच आठवड्यात करून घ्या, कारण बँकेचा पहिला हप्ता सुटायचा तो याच कागदावर. ताबा घेतल्यावर महापालिकेच्या घरपट्टीला आणि महावितरणच्या मीटरला नाव लावून घ्यायचं काम उरतं. दोन्हीकडे इंडेक्स टूची प्रत मागतात, तेव्हा चार-पाच प्रती आधीच काढून ठेवा.